निहाली: कुळ न सापडलेली महाराष्ट्राची भाषा

१. हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते, आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे वाहते आणि पुढे कर्नाटकात घटप्रभेस मिळते. या एका नदीच्या वाटेवर मालवणी, मराठी व कन्नड कानी पडतात. सीमेवरची माणसे शेजाऱ्याचे शब्द सहज उचलतात. म्हणून त्यांच्या भाषेचे कुळ बदलत नाही. आजचा धागा याच भेदाविषयी आहे.

२. आजऱ्यापासून दूर, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलली जाते. भाषकांची संख्या सुमारे २०००. तिला स्वतःची लिपी नाही आणि शेजारची कोरकू बहुतेक निहाली भाषकांना येते.

३. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेन कोनो यांनी निहालीला मुंडा कुळातील कोरकूच्या शेजारी बसविले. मूळ मुंडा, वर द्राविडी आणि आर्य भाषांचे थर, असा त्यांचा तर्क होता. निहालीत कोरकू शब्द विपुल असल्याने तो स्वाभाविकही होता.

४. आता अंक पाहा. दोनाला 'इरार', चाराला 'नालो'. कन्नडमधील 'एरडु' व 'नाल्कु' लगेच आठवतात. पाचापासून पुढचे अंक मात्र आर्य भाषांतले. मग निहाली द्राविडी म्हणावी की आर्य? दोन्ही नव्हे. अंक व्यवहाराबरोबर प्रवास करतात. त्यांवरून कुळ ठरत नाही.

५. १९५७ साली भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष नोंदी प्रसिद्ध केल्या. १९६२ साली डच विद्वान कायपर यांनी शब्दांचे थर वेगळे केले. उसने शब्द बाजूला काढल्यावर सुमारे चौथा हिस्सा असा उरला, की ज्याला भारतात कोणी नातलग सापडेना. पाणी म्हणजे 'जोप्पो', अग्नी म्हणजे 'आपो', मी म्हणजे 'जो'. असे घरगुती शब्द भाषा सहसा उसने घेत नाही.

६. जपानच्या उत्तरेकडील आयनू भाषेतही अग्नीला 'आपे' म्हणतात! पण एका साम्यावर नाते उभे राहत नाही. तमिळ 'पाल', कन्नड 'हालु' (दूध). तमिळ 'पुली', कन्नड 'हुली' (वाघ): 'प'चा असा नियमित 'ह' अनेक शब्दांत दिसतो, तेव्हाच नाते सिद्ध होते.

७. न्यू गिनी बेटावर हाच प्रश्न शेकडो पटींनी मोठा आहे. तेथील सुमारे ८०० भाषांना 'पापुआन' म्हणतात, पण ते एक कुळ नव्हे. शेजारच्या ऑस्ट्रोनेशियन कुळात न बसणाऱ्या भाषांची ती मोट आहे. २००५ साली माल्कम रॉस यांनी 'मी', 'तू' अशा सर्वनामांची तुलना करून त्यांचे गट सुचविले. सर्वनामे सहजी उसनी घेतली जात नाहीत, हाच त्यामागचा आधार.

८. वर्गीकरण ही केवळ विद्वानांची करमणूक नाही. १०,०००हून कमी भाषक असलेल्या भाषा जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्रपणे दिसत नाहीत. कोरकूची पोटभाषा म्हणून निहालीचा विषय १९०६ सालीच मिटला असता, तर 'जोप्पो'कडे कोणी वळून पाहिले नसते. २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने नागराज यांचा निहालीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, नोंद झाली. परंतु ग्रंथात टिकणे म्हणजे घरात टिकणे नव्हे. निहाली घरातले मूल पाण्याला 'जोप्पो' म्हणायचे थांबले, तर त्या चौथ्या हिश्श्यात जपलेला, कदाचित भारतात अन्यत्र कोठेही न उरलेला, इतिहास मुका होईल.