तडतडणारा खडा

तिन्हीसांजेला दृष्ट काढताना आजी मुठीत मीठ-मोहऱ्या आणि दोन सुक्या मिरच्या घ्यायची, आमच्यावरून उतरवायची आणि मूठ चुलीत मोकळी करायची. मग आम्ही कान देऊन उभे. तडतड झाली की ती म्हणायची, "बघ, केवढी लागली होती!" तो आवाज मोहऱ्यांचा, असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं होतं. मीठही तडतडतं, पण जाडं, खड्याचं. पिशवीतलं बारीक मीठ विस्तवावर टाकून पाहा, ती गंमत त्यात नाही.

कारण खड्याच्या जन्मात आहे. मिठागराच्या उथळ वाफ्यात खारं पाणी उन्हाने आटत जातं आणि खडा वाढता वाढता त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब पोटात कोंडून घेतो. विस्तवात त्यांची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि खडा फुटतो. आजीच्या चुलीत फुटायचा तो समुद्राचा थेंब. घरात मिठाचे जे नाना उपयोग होतात, त्यांतले कितीतरी या खड्याच्या अंगभूत गुणांतून आले आहेत. म्हणून त्याचं कूळ शोधावंसं वाटतं.

नावापासूनच सुरुवात करू. संस्कृतात याचं नाव लवण. आपण मात्र 'मीठ' म्हणतो, आणि तो शब्द 'मिष्ट'वरून, प्राकृतातल्या 'मिट्ठ'मधून आला. म्हणजे मुळात रुचकर, गोड. हिंदीत 'मीठा' गोडच राहिला, गुजरातीत 'मीठुं' गोडही आहे आणि मीठही. जेवणाला जे चव आणतं त्यालाच गोड म्हणणारी माणसं मला फार जवळची वाटतात. लवण मात्र घरातून गेलं नाही. ते लोणच्यात आहे, बुलढाण्याच्या लोणारमध्ये आहे, आणि 'अलवण'चं झिजून झालेल्या 'अळणी'त आहे. (लोणी तेवढं या घराण्यातलं नव्हे, ते नवनीताचं.) बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कोकणातलं मीठ घाटावर नेणाऱ्या लमाणांचं नावही लवणाशी जोडलं जातं.

आता आगर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खाण्याचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. भरतीचं पाणी बांधातल्या दारातून, म्हणजे उघाडीतून, आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत दाट करायचं. आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतात, मग मीठ धरू लागतं. शेवटी उरतं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी, आणि ते वेळेवर काढून टाकणं हे आगऱ्याचं खरं कसब. उरण, पेण, पनवेलपासून वसईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हे केलं, त्या आगरी समाजाचं नावच आगरावरून पडलं आहे. तरी थोडं कडू पाणी खड्याला चिकटून राहतंच. ते हवेतली ओल ओढतं, म्हणून आषाढात मिठाला पाणी सुटतं. मीठ चिनी मातीच्या बरणीत आणि चमचा लाकडाचा, हा घरोघरचा नियम त्या ओलीमुळेच आला. ओलं मीठ धातू खातं.

याच खड्यासाठी राज्यकर्त्यांनी कायदेही केले. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त लवणाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे अधिकारी नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून गोव्याकडच्या बारदेशच्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, कारण त्यापुढे संगमेश्वरकडचं मीठ विकलं जाईना. आणि १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांचा मिठाचा कायदा मोडायला वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याला लोक जे मीठ उचलायला गेले, ते कुठल्याही स्वयंपाकघरात हाताशी असलेलं साधं जाडं मीठच होतं.

स्वयंपाकघरात मिठाचं पहिलं काम पाणी ओढणं. कैरीच्या फोडी मीठ-हळद चोळून ठेवल्या की तासाभरात पातेल्यात पाणी साचतं. फोडीतलं पाणी बाहेर येतं, मीठ आत शिरतं, आणि कुजवणाऱ्या जंतूंना जगायला पुरेसं मोकळं पाणी उरत नाही. कारल्याचा कडवट रस याच रीतीने पिळला जातो, खारा बांगडा याच रीतीने टिकतो, कोकमाचं आगळ याच रीतीने वर्ष काढतं. कोकणात पावसाळ्यात रानात जाणारा माणूस मिठाची पुरचुंडी जवळ ठेवतो. चिकटलेल्या जळूवर मीठ पडलं की तिच्या अंगातलं पाणी निघतं आणि ती सुटते.

दुसरं काम मला सगळ्यांत सुंदर वाटतं. तांब्याचा काळवंडलेला हंडा चिंच-मिठाने घासला की हाताखाली तांबूस उजेड फुटतो. जाड खड्याचा घासणीसारखा उपयोग होतो हे खरं, पण खरी कारागिरी रसायनाची आहे. चिंचेचं आम्ल काळा थर सोडवतं आणि मिठातला क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून पाण्यात नेतो. नुसत्या चिंचेने हेच काम रेंगाळतं. पण घासल्यावर हंडा लगेच धुवून कोरडा करायचा, मीठ राहिलं तर हिरवं चढतं. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो, तोही क्लोराइडच. मिठाचाच भाऊबंद, तोही धातूवरचा थर काढतो, तेव्हा कुठे कथील धरतं.

आइस्क्रीमच्या लाकडी पॉटात बर्फावर जाडं मीठ घालायचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना हँडल फिरवताना गोठलेले हात आठवतील. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढतो. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. नवी साडी मिठाच्या पाण्यात भिजवायचा जुना सल्ला मात्र मी सरसकट मानत नाही. सुती कापडावरच्या काही रंगांना त्याने धरून राहायला मदत होते, पण कच्चा रंग मीठ पक्का करत नाही.

बारीक मिठाबद्दल माझी तक्रार नाही. आयोडीनच्या अभावाने गलगंड होतो, मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ मध्ये देशभर बंदी आली, ती योग्यच होती. म्हणून आमच्याकडे दोन बरण्या आहेत. जेवणाचं मीठ एकीत. दुसरीत हंड्याचे, जळूचे, दृष्टीचे खडे.

चूल मात्र राहिली नाही. नातीवरून उतरवलेली मूठ आता मोरीत नळाखाली सोडतो. मोहऱ्या जाळीत अडकतात, मिरची तरंगते, आणि खडा आवाज न करता पाण्यात विरघळून जातो.