कुत्रा घाणीत का लोळतो? डार्विनपासून कापरापर्यंत

आजचा एपिसोड वासाचा आहे. कुजका, सडका, नाक मुरडायला लावणारा वास. जेवता जेवता ऐकत असाल तर पॉज करा, ताट संपवा आणि मग या.

विषय कुठून आला ते सांगतो. एका श्रोत्याचा मेसेज होता: रविवारी कुत्र्याला आंघोळ घातली, सोमवारी फिरायला नेलं तर किनाऱ्यावरच्या मेलेल्या माशावर मनसोक्त लोळून आला. महिन्यातली तिसरी वेळ. आता आई म्हणतेय, याला गावाला नेऊन सोड. मेसेजच्या शेवटी प्रश्न होता, ‘हा मुद्दाम करतो का?’

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. या प्रश्नावर चार्ल्स डार्विननेही डोकं खाजवलंय.

1872 साली डार्विनचं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवरचं पुस्तक आलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात तो सवयींबद्दल बोलतो. कुत्रा झोपण्याआधी गालिच्यावर गोल गोल का फिरतो, वगैरे. तिथेच तो सांगतो की कुत्री आणि कोल्हे मेलेल्या प्राण्यावर मान आणि पाठ घासायला फार उत्सुक असतात, तो वास त्यांना आवडतो असं दिसतं. मग लांडग्यांचं काय? डार्विनने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या बार्टलेट यांना विचारलं. बार्टलेटनी लांडग्यांसमोर मेलेलं जनावर टाकून बघितलं. लांडगे काही लोळले नाहीत.

आता गंमत बघा. यावरून डार्विनने एक अंदाज मांडला: मोठी कुत्री बहुधा लांडग्यांपासून आली, म्हणून ती कमी लोळतात, छोटी कोल्ह्यांपासून आली, म्हणून जास्त. (इथे कोल्हा म्हणजे जॅकल हं. इंग्रजीतला फॉक्स म्हणजे आपल्याकडचं खोकड. शाळेच्या पुस्तकांनी हा घोळ करून ठेवलाय.) म्हणजे लोळण्यावरून खानदान ठरवायचं! अंदाज चुकला, पण लवकर मेला नाही. कोनराड लोरेन्झसारखा पुढे नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञसुद्धा 1950 च्या सुमारास बहुतेक कुत्र्यांचा पूर्वज कोल्हा आहे असं लिहीत होता. नंतर त्याने ते मत मागे घेतलं. 1997 मध्ये कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास आला आणि कोल्ह्याचा विषय मिटला. चिहुआहुआ असो की ग्रेट डेन, सगळे लांडग्याच्याच घरातले.

पण मला डार्विनची आवडते ती त्याच्या घरातली नोंद. त्याच्या टेरियर कुत्रीला भूक नसताना बिस्किट दिलं की ती आधी ते उंदीर असल्यासारखं झटकायची, मग त्यावर पुन्हा पुन्हा लोळायची आणि मग खायची. डार्विनचं म्हणणं, नावडत्या खाण्याला ती कल्पनेने चव आणत असावी. खरं खोटं ती कुत्रीच जाणे. पण एवढा मोठा माणूस, आणि कुत्रीला ‘घाणेरडी’ म्हणून हाकलायच्या ऐवजी तो बघत बसला. पुढच्या शंभर वर्षांत असं शांतपणे बघणारे फार थोडे निघाले.

या शंभर वर्षांत लोकांच्या तोंडी एक उत्तर पक्कं बसलं. तुम्हीही ऐकलं असेल: लांडगा शिकारीला जाताना स्वतःचा वास लपवायला दुसऱ्याचा वास अंगाला लावतो. ऐकायला झकास आहे. जंगल, शिकारी, वेषांतर, सगळा सिनेमाच. पण हे खरं असेल तर लांडग्याने काय लावायला हवं? हरणाची, मेंढीची लीद. सावजाला जो वास घरचा वाटेल तो.

1986 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी पाळीव कळपांतल्या लांडग्यांसमोर वेगवेगळे वास ठेवून बघितले. लांडगे सगळ्यात जास्त कशावर लोळले माहितीये? परफ्यूमवर. आणि मोटर ऑइलवर! त्याशिवाय अस्वल, प्युमा अशा दुसऱ्या शिकारी प्राण्यांच्या वासावर. गवत खाणाऱ्यांच्या वासात त्यांना फारसा रस नव्हता. आता परफ्यूम आणि ऑइल लावून कुठल्या हरणाला फसवणार? वेषांतराची थिअरी माझ्या मते इथेच लंगडी पडते. संशोधकांचा भर होता वासाच्या नवेपणावर.

मग नवा वास अंगाला लावून करायचं काय? अमेरिकेत इंडियाना राज्यात वुल्फ पार्क म्हणून जागा आहे. तिथे पॅट गुडमन यांनी वर्षानुवर्षं लांडगे बघितले. त्यांचं म्हणणं असं की लांडगा लोळून कळपात परत आला की बाकीचे त्याला हुंगून काढतात. म्हणजे तो बातमी घेऊन आलेला असतो. आपण फोटो काढून ग्रुपवर टाकतो, तसं. फक्त इथे फोन म्हणजे मान आणि गाल.

तरसांवरचा प्रयोग तर भन्नाट आहे. 2002 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात संशोधकांनी ठिपकेवाल्या तरसांच्या अंगाला मुद्दाम वास लावले, काहींना सडक्या मांसाचा, काहींना कापराचा. सडका वास येणाऱ्या तरसाला बाकीच्यांनी जास्त भाव दिला. कापूरवाल्याला नाही. आपल्या देवघरात उलटं चालतं, एवढंच.

आणि तिसरी शक्यता, संरक्षणाची. कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरांत लावलेल्या कॅमेऱ्यांनी ग्रे फॉक्स हा छोटा प्राणी प्युमाने जमीन उकरून खूण केलेल्या जागी गाल घासताना टिपला. त्या भागात त्याला धोका असतो कोयोटीचा. अंगाला प्युमाचा वास असेल तर कोयोटी दोनदा विचार करेल, असा संशोधकांचा कयास आहे.

मला विचाराल तर एकच उत्तर सगळ्यांना लागू होईल असं वाटत नाही. बातमी, भाव, संरक्षण, आणि थोडी निव्वळ मजा. पण यातल्या कशातही ‘मुद्दाम’ बसत नाही. मालकावर राग काढायला तो लोळत नाही.

आणि आपण काय वेगळे आहोत हो? कस्तुरी ही नर कस्तुरीमृगाच्या पोटाजवळच्या ग्रंथीतून येते. जवादी येते जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून. कच्ची हुंगलीत तर खोली सोडून पळाल. अंबर तयार होतं स्पर्म व्हेलच्या आतड्यात आणि ताजं असताना शेणासारखं घाण मारतं. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलची उलटी’ विकताना लोक पकडले गेल्याच्या बातम्या वाचता ना, तेच हे. आपल्या कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे, तरी माणसं धोका पत्करतात, कारण अत्तराच्या धंद्यात त्याला सोन्याचा भाव. आणि अत्तर लावतो कुठे? कानामागे, मानेला. कुत्रा आधी काय घासतो? मान आणि गाल.

म्हणून सुगंधी शाम्पूने घमघमवून आणलेला कुत्रा दुसऱ्या दिवशी उकिरडा शोधतो, यात मला नवल वाटत नाही. त्याच्या नाकाने विचार केला तर घाण आपणच फासलेली असते.

आता उपाय. इथेही इतिहास आहे, कारण माणसाने उपायही बरेच अंदाजाने केले. अमेरिकेत स्कंकने कुत्र्यावर फवारा मारला की टोमॅटोच्या रसाने आंघोळ घालायची पद्धत होती. त्याने वास जात नाही. बराच वेळ एकच वास घेऊन आपलं नाक थकतं आणि टोमॅटोचा वास तेवढा जाणवतो. शेजारी आला की त्याला बरोबर कळतं! 1993 मध्ये पॉल क्रेबॉम या केमिस्टने खरा उपाय छापला: 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण 1 लिटर, पाव कप खायचा सोडा, चमचाभर लिक्विड साबण. वासाची गंधकयुक्त रसायनंच यात बदलून जातात. मात्र हे मिश्रण त्या वेळीच बनवायचं, डोळ्यांपासून लांब ठेवायचं आणि कधीही बाटलीत बंद करून ठेवायचं नाही. गॅस होऊन बाटली फुटते. आपल्याकडे स्कंक नाही. शेण, गटार, मासा यांना साधा कुत्र्यांचा शाम्पू पुरतो.

लोळण थांबवायची असेल तर डोळे फोनवर नको, कुत्र्यावर हवेत. तो एका जागी हुंगत थबकतो, मग तोंड वळवून एक खांदा खाली टाकतो. तोच क्षण. त्या आधीच ‘ये’ म्हणायचं आणि आला की खाऊ द्यायचा. हे घरात, अंगणात रोज शिकवा; थेट मेलेल्या माशाशेजारी शिकवायला गेलात तर मासा जिंकेल. तोपर्यंत किनाऱ्यावर पट्टा सोडू नका. आणि लोळून झाल्यावर तो तुमच्याकडे आला तर मारू नका, ओरडूही नका. त्याच्या हिशोबात मार पडला तो लोळण्याबद्दल नाही, हाक ऐकून आल्याबद्दल. पुढच्या वेळी तो येणारच नाही.

मेलेल्या उंदरावर लोळला असेल तर त्याने तो खाल्ला नाही ना, हे आधी बघा. उंदीर विषाने मेलेला असू शकतो. शंका आली तर आंघोळ राहू दे, थेट डॉक्टरकडे. लेप्टोची लस वेळेवर आहे ना, तेही तपासा.

बाकी आंघोळीचं असं: घाण आधी जुन्या कागदाने उचलून काढा, चोळू नका, नाहीतर ती केसांत खोल जाते. मग कोमट पाणी, शाम्पू, पाच मिनिटं थांबा, धुवा, लागलं तर परत. गळपट्टा वेगळा धुवा, अर्धा वास तिथेच असतो. फिनेल, रॉकेल, टी ट्री ऑइल अजिबात नको. तो अंग चाटतो आणि ते पोटात जातं. कान कोरडे पुसा. आणि पुढचा अर्धा तास तो सोफ्याला अंग घासत घरभर पळणार आहे, तेव्हा सोफ्यावर आधीच जुनी चादर टाकून ठेवा.