सोन्याच्या तारेपासून तंगुसापर्यंत

देवगडहून नांदगाव तिठ्याकडे जाणारा रस्ता जामसंडे, तळेबाजार, शिरगाव अशी गावं घेत वळणावळणाने जातो. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरलेले टेम्पो त्यावर रात्रीही थांबत नाहीत, आणि मृगाच्या पहिल्या सरीला तोच रस्ता निसरडा होतो. मोटरसायकल घसरून माणूस तोंडावर आपटला की पहिला मार बसतो तो वरच्या पटाशीच्या दातांना. एखादा अर्धा तुटतो, एखादा आत वळतो, एखादा मुळासकट निखळून रस्त्यावर पडतो. मग दवाखान्यातून घरी निरोप येतो, ‘दातांक तार बांधल्यानी.’

हललेल्या दाताला शेजारच्या घट्ट दातांचा आधार द्यायचा, एवढीच ही युक्ती. तिचं वय मात्र मोटारीच्याच काय, बैलगाडीच्या पक्क्या रस्त्यांच्याही पलीकडे जातं. 1862 मध्ये लेबनॉनमधल्या सिदोन इथे एका प्राचीन थडग्यात जबड्याचा तुकडा सापडला. पुढचे दात बारीक सोन्याच्या तारेने एकमेकांना गुंफलेले होते. हा फिनिशियन कारागिराचा नमुना आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिथे कारण अपघात नसून बहुधा हिरड्यांचा आजार असावा. पण सोनं गंजत नाही, मऊ असतं आणि हवं तसं पिळता येतं, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं.

मोडलेल्या हाडासाठी तारेचा उपयोग ग्रीकांनी लिहून ठेवला. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रंथात खालचा जबडा मोडल्यावर काय करावं ते सांगितलं आहे: हाड हाताने जागेवर आणावं आणि मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने, ती नसेल तर दोऱ्याने, हाड सांधेपर्यंत बांधून ठेवावेत. इथे दात हे नुसते खुंट आहेत. बांधायचं आहे ते हाड. सिदोनची तार दातासाठी होती, हिपोक्रेटिसची हाडासाठी. पुढची दोन हजार वर्षं या दोन कामांत फारसा फरक कुणी केला नाही, आणि या तारेचा सगळा इतिहास त्या गल्लतीभोवती फिरतो.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, भग्नचिकित्सेच्या अध्यायात, हललेल्या दातांवर वेगळा विचार आहे. तरुण माणसाचे दात न मोडता नुसते हलले असतील आणि रक्त येत असेल, तर ते दाबून जागेवर बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा आणि रुग्णाला कमळाच्या देठाच्या नळीतून दूध पाजावं. वृद्धाच्या हललेल्या दातांवर मात्र हा उपचार करू नये. तारेचा उल्लेख नाही, पण दोन गोष्टी नेमक्या आहेत: वय बघून निर्णय, आणि दाताला चावायचं काम पडू न देणं. आजही दात बसवताना डॉक्टर आधी वय विचारतात आणि पुढचे काही दिवस मऊ खायला सांगतात.

इसवी सन 1000 च्या आसपास कॉर्डोबाचा शल्यवैद्य अल-झहरावी याने सोनं आणि चांदी यांची तुलना केली. चांदी तोंडात थोड्याच दिवसांत हिरवट पडते, म्हणून सोनंच बरं, असं त्याचं मत. निखळून पडलेला दात पुन्हा खोबणीत बसवून शेजारच्या दातांना बांधता येतो, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे पडलेला दात फेकायचा नसतो, हे ज्ञान हजार वर्षांपूर्वीचं आहे.

पुढे तारेला जोर मिळाला तो गाड्यांमुळे आणि युद्धांमुळे. 5 एप्रिल 1865 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांच्या बग्गीचे घोडे वॉशिंग्टनमध्ये उधळले. सेवर्ड बाहेर फेकले गेले. हात मोडला आणि जबडाही. न्यूयॉर्कचे दंतवैद्य थॉमस गनिंग यांनी त्यांच्यासाठी कडक रबराचा साचा बनवून जबडा स्थिर केला. वाहनाच्या अपघातात मोडलेल्या जबड्यावर दंतवैद्याने केलेल्या उपचारांपैकी हा सर्वांत गाजलेला. त्यानंतर पन्नास वर्षांनी पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत हजारो सैनिकांचे चेहरे फुटले. खंदकात डोकं वर काढलं की गोळी थेट जबड्यावर. फ्रान्समधल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात वराझ्ताद काझांजियन या आर्मेनियन-अमेरिकन दंतवैद्याने आणि इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज यांच्या सोबतीला असलेल्या विल्यम केल्सी फ्राय यांनी तारा, पट्ट्या आणि साचे यांचं शास्त्र उभं केलं. सोन्याची जागा पोलादाने घेतली, आणि आकड्या असलेली धातूची पट्टी हिरडीलगत दातांना बांधून वरचा-खालचा जबडा एकत्र आवळण्याची पद्धत जगभर रुळली.

मोटारअपघातांच्या काळात हीच पद्धत आपल्या रुग्णालयांत आली. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 मध्ये सुरू झालं, 1948 मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला, आणि जबड्याची मोड हे हळूहळू प्रशिक्षित दंतशल्यविशारदाचं काम ठरलं. सिंधुदुर्गातल्या माणसाला मात्र मोठ्या दुखापतीसाठी कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळी गाठावं लागे. बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीला दंत महाविद्यालयही आहे. तारांनी जबडा बंद केलेला माणूस चार ते सहा आठवडे पेज, सार आणि दूध यांवर राही. घरी पाठवताना सोबत तार कापायची कातर देण्याची रीत होती, कारण उलटी आली तर तोंड तत्काळ उघडायला हवं.

याच काळात ती जुनी गल्लत महागात पडली. हाडाला स्थिरता हवी, म्हणून दातालाही घट्ट आवळून महिनोन्महिने ठेवत. दात घट्ट बसे, सगळे खूश होत. काही वर्षांनी तोच दात मुळाकडून विरघळायला लागे. कोपनहेगनच्या येन्स आन्द्रेआसेन यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं, की पुन्हा बसवलेला दात आवळून ठेवल्याने फायदा होत नाही, उलट मूळ हाडाला चिकटून झिजण्याची शक्यता वाढते. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पडदा असतो. चावताना दात त्यात किंचित हलतो, आणि त्या हलण्यानेच पडद्यातल्या पेशी जगतात. हाडाला शांतता लागते, दाताला थोडी मोकळीक.

इथून तारेच्या दोन शाखा झाल्या. हाडाची शाखा हिरडीखाली गेली: 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेले आणि शाँपी यांनी छोट्या पट्ट्या व स्क्रूने जबडा जोडण्याची पद्धत बसवली, आणि आठवडेच्या आठवडे तोंड बंद ठेवण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. दाताच्या शाखेला आधार मिळाला तो न्यूयॉर्क राज्यातल्या मायकल ब्यूनोकोर यांच्या शोधाचा. आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत केला की त्याला राळ घट्ट धरते, हे त्यांनी 1955 मध्ये दाखवलं. आता तार दाताभोवती पिळायची गरजच राहिली नाही. ती दातावर ठेवून दातांच्याच रंगाच्या भरावाने चिकटवता येऊ लागली.

आणि चिकटवायचीच असेल तर ती तारच कशाला हवी? दातांच्या दुखापतींवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत लवचीक पोलादी तार 0.4 मिलिमीटरपर्यंत जाडीची सांगितली आहे, आणि पर्याय म्हणून 0.13 ते 0.25 मिलिमीटरचा नायलॉनचा मासेमारीचा धागा. देवगडच्या बंदरावर गळाला आणि जाळ्याला वापरतात तो तंगूस. गंमत अशी, की बाजारात नायलॉन पहिल्यांदा आला तोच तोंडासाठी: 1938 मध्ये अमेरिकेत दातांच्या ब्रशाचे केस त्याचे निघाले. जाळी आणि गळाचे धागे त्यानंतरचे. अर्थात हा धागा दंतवैद्याने निर्जंतुक करून चिकटवायचा असतो; होडीवरून आणून घरी बांधायचा नसतो.

बांधणंही आता थोडक्यात आटोपतं. निखळलेला दात परत बसवला तर साधारण दोन आठवडे, दाताभोवतीचं हाडही मोडलं असेल तर चार. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनॉल, आणि पुढे किमान पाच वर्षं तपासणी. अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारने 2025 मध्ये आणलेली विनारोकड योजना दीड लाखापर्यंत खर्च देते, पण पहिल्या सात दिवसांपुरती. जीव वाचवायला ते दिवस मोलाचे आहेत. दाताचा हिशेब मात्र त्यात बसत नाही. पुढे भरपाई मागायची तर कागद लागतात. दात तुटणं किंवा निखळणं ही 1860 च्या दंडसंहितेपासून आजच्या भारतीय न्याय संहितेपर्यंत कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय नोंदीत दाताचा उल्लेख आणि एक्स-रे आहे ना, हे नातेवाइकांनी पाहावं.

तार सैल होत गेली तशी वेळ मात्र आवळत गेली. दात आणि हाड यांच्यामधल्या त्या पडद्यातल्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. नंतरही दात बसवतात, पण तो फार वर्षं टिकेल याची आशा कमी. देवगडपासून नांदगाव तिठा चाळीसेक किलोमीटर, बांबोळी त्याच्याही कितीतरी पुढे. 108 ची रुग्णवाहिका आली तरी ती माणसाला नेते, रस्त्यावरचा दात शोधत बसत नाही. तो शोधणारा असतो रिक्षावाला, टपरीवाला, मागून येणारा टेम्पोचालक. मार डोक्याला लागलाय का, श्वास नीट चाललाय का, रक्त थांबतंय का, हे आधी. मग दात, तोही पांढऱ्या भागाला धरून, मुळाला बोट न लावता. घाण लागली असेल तर दुधाने हलकेच धुवायचा. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तर खोबणीत परत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवायचा. टपरीवर पातेल्यात उकळणारं दूध चालत नाही, पिशवीतलं घ्यावं. चेन्नईतल्या 2008 च्या एका अभ्यासात शहाळ्याचं पाणी दुधापेक्षाही सरस ठरलं होतं, पण ते आम्लधर्मी असल्याने नंतरच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. म्हणून कोकणात असलो तरी पहिली पसंती दुधालाच. लहान मुलाचा दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचाच नाही.

अडीच हजार वर्षं या गोष्टीत नाव झालं ते बांधणाऱ्यांचं. आता निम्मा निकाल दात बांधण्याआधीच, तो उचलणाऱ्याच्या हातात लागलेला असतो. म्हणून तळेबाजारच्या किंवा नांदगाव तिठ्याच्या टपरीवर दात कसा उचलायचा ते सांगणारा चार ओळींचा एक फलक लावणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि दंतवैद्याच्या खुर्चीपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.