निसर्ग वादळ आणि आपले मुरुड

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढले. आपल्या मुरुडातही कौले उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या. त्यातच करोनाची टाळेबंदी! वीज कित्येक दिवस नव्हती. पंप बंद, म्हणून दोर-कळशी घेऊन आम्ही विहिरीवर गेलो. ५ जूनला वटपौर्णिमा आली. मी मोडून पडलेल्या फांदीचीच पूजा केली.

पुढे पडलेल्या झाडांची भरपाई सरकारने दिली, पण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यास. सुपारी सोलून चार पैसे मिळविणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर कोठून असणार? पोफळ लावल्यावर फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. तितकी वर्षे तिची मजुरी बुडाली. वादळाच्या हिशेबात हे नुकसानही मांडले पाहिजे.