खाणीतला उपसा

दक्षिण डकोटातल्या लीड गावची होमस्टेक खाण १८७६च्या सोन्याच्या झुंबडीतून उभी राहिली. ब्लॅक हिल्सचा हा मुलूख १८६८च्या करारानं लाकोटांसाठी राखलेला होता. सोनं दिसलं आणि करार मोडला. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मंजूर केली, पण लाकोटांनी ती घेतली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत. तिथल्या विज्ञानाबद्दल बोलताना हे आधी सांगायलाच हवं.

खाण ८,००० फुटांपर्यंत खोल गेली. एवढा दगड वैश्विक किरणांना अडवतो, न्यूट्रिनो हा कण मात्र आरपार जातो. म्हणून शास्त्रज्ञ रे डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात ४,८५० फुटांवर टाकी बसवून ती ड्रायक्लीनिंगच्या द्रवानं भरली, जवळपास चार लाख लिटर. सूर्याकडचा न्यूट्रिनो धडकला की क्लोरिनच्या अणूचा आर्गॉन व्हायचा. एवढ्या साठ्यातून असे मोजके अणू वेचायचे. हिशेबाच्या ते एक तृतीयांशच भरत. ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा उरलेले दोन तृतीयांश कुठे गेले, हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. डेव्हिस आपल्या आकड्यावर ठाम राहिले आणि बरोबर ठरले: न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होता. २००२मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी खाण बंद झाली.

२००३मध्ये पंप थांबले. पाणी डेव्हिस यांच्या पातळीच्याही वर चढलं. खाण राज्याकडे आली होती, आणि २००८मध्ये उपसा सुरू झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं काम. त्या कोरड्या झालेल्या पातळीवरच आज ३५हून अधिक देशांचा ‘ड्यून’ हा न्यूट्रिनो प्रकल्प उभा राहतो आहे. १,३०० किलोमीटरवरच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून न्यूट्रिनोंचा झोत जमिनीखालून इथे येईल. त्यासाठी सुमारे आठ लाख टन दगड फोडून जुन्या शाफ्टमधून वर काढला. २०२४मध्ये ते खोदकाम संपलं. आता त्याच वाटेनं टाक्यांसाठीचं पोलाद तुकड्यातुकड्यांनी खाली जाणार, आणि प्रत्येक टाकीत १७,००० टन द्रवरूप आर्गॉन भरणार.

आपल्याकडे कोलारची सोन्याची खाण होती. वातावरणात जन्मणारा न्यूट्रिनो १९६५मध्ये तिथे, दोन किलोमीटरहून खोल, टिपला गेला; मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम यांचं ते संयुक्त काम. कोलारच्या खाणी २००१मध्ये बंद झाल्या आणि पाण्यानं भरल्या. ड्यूनच्या झोतासाठीच्या फर्मीलॅबच्या नव्या त्वरकासाठी भारतीय प्रयोगशाळा यंत्रभाग बनवतात याचा मला अभिमान आहे. तरी कोलारचा उपसा चालू ठेवायला हवा होता, असं मला आजही वाटतं.