नान्सेन पासपोर्ट : एका निर्वासित-पत्राची पारख

जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणी दिला, कोणास दिला, मुदत किती, शिक्का कोणाचा व शर्ती कोणत्या, हे प्रश्न संशोधक क्रमानें विचारतो. हीच कसोटी विसाव्या शतकांतील एका कागदास लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा कागद म्हणजे राष्ट्रसंघाच्या विद्यमानें निघालेला ‘नान्सेन पासपोर्ट’ होय. निर्वासितांविषयींच्या आंतरराष्ट्रीय धोरणाचा उगम त्यांत सांपडतो. आणि त्या धोरणाचें मर्म त्याच्या मथळ्यांत नसून एका शर्तींत आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम प्रसंग पाहूं. रशियांतील १९१७ ची राज्यक्रांति व तिच्या मागोमाग झालेलें यादवी युद्ध यांमुळें दहा लाखांवर लोक देशोधडीस लागले. डिसेंबर १९२१ मध्यें सोव्हिएट सरकारनें हुकूम काढून, परवानगीवांचून बाहेर गेलेल्या बहुतेकांचें नागरिकत्व रद्द केलें. तेव्हां हे लोक कोणत्याच राजसत्तेचे उरले नाहींत. पहिल्या महायुद्धापासून सरहद्दीवर पासपोर्ट मागण्याचा प्रघात पडला होता. आणि ज्या सरकारनें तो द्यावयाचा, तें तर यांस आपलें म्हणत नव्हतें. राष्ट्रसंघानें १९२१ मध्येंच नॉर्वेचे ध्रुवप्रवासी फ्रित्योफ नान्सेन यांस रशियन निर्वासितांचे हायकमिशनर नेमिलें होतें. त्यांच्या पुढाकारानें जुलै १९२२ मध्यें जिनीव्हा येथें भरलेल्या परिषदेंत ह्या दाखल्याचा नमुना ठरला. पुढें पन्नासांहून अधिक सरकारांनीं तो मान्य केला.

आतां दाता कोण? नांव नान्सेन यांचें असलें तरी दाखला देई तें, निर्वासित ज्या देशांत राहत असे तेथील सरकार. ग्राही कोण? आरंभीं केवळ रशियन. १९२४ पासून आर्मीनियन. १९२८ पासून असीरियन व आणखी कांहीं. म्हणजे मनुष्यावर कोणतें संकट आलें हें न पाहतां, तो कोणत्या समूहांतील हें पाहून कागद मिळे. मुदत साधारणतः एका वर्षाची. १९२६ च्या ठरावानें पांच सुवर्ण फ्रँकांचें तिकीट लावण्याची पद्धति आली; निर्धनास ती फी माफ असे, व जमलेला पैसा निर्वासितांच्याच कामीं लागे.

शर्तींकडे वळतांच खरें वैगुण्य दिसतें. दाखला देणाऱ्या देशांत परत येण्याचा हक्क त्यायोगें प्राप्त होत नाहीं, असें १९२२ च्या ठरावांत स्पष्ट होतें. परतण्यास त्या सरकारची खास परवानगी लागे. आपल्या दप्तरांतील कौलाशीं हें ताडून पाहावें. परागंदा रयतेस सरकार कौल देई, तो मूळ ठिकाणीं निर्भयपणें येऊन नांदण्याविषयीं. कौलाचें सारें सामर्थ्य परतण्याच्या वचनांत. नान्सेन-दाखला दस्तकाप्रमाणें वाट मोकळी करी, पण कौलाचें अभय त्यांत नव्हतें. जो मनुष्य पुढें परत पाठवितां येणार नाहीं, त्यास आंत घेण्यास दुसरें सरकार कचरे. मागचें दार बंद, म्हणून पुढचेंही अर्धें बंद! १९२६ मध्यें परतीच्या व्हिसाची शिफारस झाली ती यामुळेंच.

ऑक्टोबर १९३३ च्या करारानें, कायदेशीर रीतीनें राहणाऱ्या निर्वासितास घालवूं नये, असें बंधन घातलें. परंतु तो करार फार थोड्या राष्ट्रांनीं स्वीकारिला. पुढें जुलै १९३८ मध्यें जर्मनी व ऑस्ट्रियांतील यहुद्यांसाठीं एव्हियां येथें ३२ राष्ट्रें जमलीं, पण बहुतेकांनीं दारें अधिक उघडण्याचें नाकारिलें. त्याचें फळ जगानें पाहिलें. अखेर जुलै १९५१ च्या जिनीव्हा करारांत जमातीऐवजीं छळाची साधार भीति ही कसोटी ठरली, आणि प्रवासपत्र देणाऱ्या राष्ट्रानें मुदतींत धारकास परत घेतलेंच पाहिजे, असें कलम आलें. त्यांतील काळाची मर्यादा १९६७ च्या पूरक लेखानें गेली.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरही येऊन गेला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायकामुलेंच अधिक. सोव्हिएट हद्दींतील हद्दपारींतून सुटून तीं इराणमार्गें आलीं होतीं. त्यांचा पालक म्हणजे लंडनमधील पोलिश सरकार. त्याची मान्यता ब्रिटननें जुलै १९४५ मध्यें काढून घेतली. अक्षर तेंच राहिलें, शिक्क्यामागचें बळ मात्र गेलें. मायदेशीं परतण्यास अनेक जण धजले नाहींत. भारत १९५१ च्या करारास वा १९६७ च्या लेखास बांधलेला नाहीं. तथापि तिबेटी निर्वासितांस तो प्रवासासाठीं ओळखपत्र देत आला, आणि त्यावरही भारतांत परतण्यास हरकत नसल्याचा शेराच महत्त्वाचा ठरला.

असे कागद संग्राहकांच्या नजरेंतून सुटतात. त्यांवर ना सोन्याची वेलबुट्टी, ना राजमुद्रा. घडीवर फाटलेले असले तरी ते जपावे, व त्यांची यादी करतांना नांव, तारीख व शिक्का यांबरोबर परतीचें कलम आहे किंवा नाहीं, हेंही अवश्य नोंदावें. ज्याच्या खिशांत तो कागद होता, त्याचा जीव त्याच एका ओळींत गुंतलेला होता.