धनुर्धराची पाठ

धनुर्विद्या म्हटली की आपणां मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे अर्जुन उभा राहतो, आणि त्याला दिसलेला पक्ष्याचा तो एकच डोळा. नेम म्हणजेच धनुर्विद्या, असे आपण जणू धरूनच चालतो. परंतु बाण नेमावर जाण्यापूर्वी धनुष्य ओढले गेले पाहिजे. आणि ओढणे हे डोळ्याचे काम नव्हे, ते पाठीचे काम आहे. या पाठीचा इतिहास कायद्यांच्या, प्रवचनांच्या आणि अखेरीस हाडांच्याही रूपाने ज्या देशात शिल्लक राहिला आहे, तो देश म्हणजे इंग्लंड. त्या इतिहासाचाच थोडा विचार आज करावयाचा आहे.

क्रेसी (१३४६), प्वातिए (१३५६) आणि अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या तीन लढायांत फ्रान्सच्या चिलखती सरदारांची जी दाणादाण उडाली, तीत इंग्रज धनुर्धरांचा वाटा फार मोठा होता. हे धनुर्धर कोणी राजपुत्र नव्हते. ते खेड्यापाड्यांतले शेतकरी आणि कारागीर होते. त्यांचे धनुष्य पुरुषभर उंचीचे, किंबहुना त्याहूनही थोडे अधिक, आणि यू नावाच्या झाडाच्या एकाच काठीचे असे. या झाडाचा आतला गाभा दाब सोसतो व बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते. म्हणून काठी अशी तासावयाची की गाभा धनुर्धराकडे आणि पांढरे लाकूड शत्रूकडे राहावे.

हे धनुष्य किती कठीण होते, याचा अंदाज पुष्कळ काळ नुसत्या तर्काने चालला होता. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडाले होते. ते १९८२ साली वर काढण्यात आले. त्या शोधकार्यात १७० हून अधिक धनुष्ये, हजारो बाण आणि बुडालेल्या खलाशांचे व सैनिकांचे सांगाडे हाती लागले. धनुष्यांच्या प्रतिकृती करून पाहता ती ओढण्यास १०० ते १८५ पौंड बल लागत असावे, असे अनुमान निघाले. आजच्या ऑलिंपिक सामन्यातील पुरुषाचे धनुष्य ५० पौंडांच्या आसपास असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. एका धडधाकट माणसाचे वजन दोन-तीन बोटांवर तोलून कानापर्यंत ओढावयाचे, आणि तेही लढाईच्या धामधुमीत पुनःपुन्हा!

हे बल येते कोठून? नवशिका मनुष्य दंडाच्या बेटकुळीने दोरी ओढू पाहतो आणि पाच-सात बाणांत थकतो. जाणता धनुर्धर उजव्या हाताच्या बोटांना नुसत्या आकड्यासारखे वापरतो. तो कोपर मागे नेतो आणि पाठीवरची फऱ्याची हाडे कण्याच्या दिशेने ओढून घेतो. फऱ्यांच्या मधले स्नायू, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू आणि खांद्याचा मागचा भाग हे सारे मिळून तो भार उचलतात. डाव्या हाताचे काम वेगळे, पण हलके नाही. दंडाच्या मागचा स्नायू कोपर ताठ ठेवतो, खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू हात उचलून धरतो, आणि बरगड्यांवरून फऱ्याकडे गेलेला स्नायू फऱ्याला जागचे हलू देत नाही. थोडक्यात, एक बाजू ढकलते व दुसरी ओढते, आणि मनुष्य स्वतः धनुष्याच्या आत शिरतो.

ही गोष्ट त्या काळच्या लोकांना पक्की ठाऊक होती. ह्यू लॅटिमर हा धर्मोपदेशक एका शेतकऱ्याचा मुलगा. १५४९ साली राजापुढे प्रवचन करताना त्याने आपल्या बापाची आठवण सांगितली. बापाने त्याला नुसत्या हाताने न ओढता सारे अंग धनुष्यात घालावयास शिकविले होते, आणि वय व ताकद वाढेल तसतसे मोठे धनुष्य त्याला विकत घेऊन दिले जाई. अशी पाठ एका वर्षात घडत नाही. तिला बालपण आणि तारुण्य दोन्ही द्यावी लागतात.

म्हणूनच राजसत्तेने धनुष्यापेक्षा धनुर्धराची काळजी अधिक वाहिली. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले की, सणासुदीच्या दिवशी चेंडू, कोंबड्यांच्या झुंजी असले खेळ सोडून लोकांनी तिरंदाजी करावी. १४७२ साली परदेशांतून येणाऱ्या दर टन मालामागे धनुष्याच्या चार काठ्या आणण्याची सक्ती व्यापाऱ्यांवर झाली. आठव्या हेन्रीच्या कायद्याने सात वर्षांच्या पोरासाठीही बापाने एक धनुष्य व दोन बाण घरी ठेवावयाचे होते. आणि चोविशी ओलांडलेल्याने २२० यार्डांहून जवळच्या लक्ष्यावर बाण मारू नये, असे बंधन होते. परंतु एकच आज्ञा पुनःपुन्हा काढावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नाही, हे सांगावयास इतिहासकार नको!

या सरावाची खूण हाडांवरही उमटली असावी. खांद्याच्या टोकाशी हाडाचा एक लहान तुकडा असतो. तो साधारणतः विशी-पंचविशीपर्यंत मुख्य हाडाशी सांधला जातो. ‘मेरी रोझ’वरील सांगाड्यांत हा सांधा न जुळल्याची उदाहरणे नेहमीपेक्षा अधिक, आणि त्यांतही डाव्या खांद्याची जास्त, असे डॉ. अ‍ॅन स्टर्लंड यांना आढळले. लहानपणापासूनच्या धनुष्याच्या ताणाशी त्यांनी याचा संबंध जोडला. इतर कष्टांनीही असे होऊ शकते, म्हणून हे अनुमान जपूनच स्वीकारावे. तरीही ज्यांचे नाव कोणत्याही बखरीत नाही, अशा माणसांच्या श्रमाची नोंद अशा रीतीने आपल्यापुढे येते, हे थोडे नव्हे.

पुढे बंदूक आली. ती सावकाश भरावी लागे, पावसात रुसे, नेमालाही फारशी विश्वासू नव्हती. तरी ती जिंकली. १५९० साली सर जॉन स्मिथ याने धनुष्याचा कैवार घेऊन ग्रंथ लिहिला, तर सरकारने तो दाबून टाकला. १५९५ साली शिबंदीतून धनुष्य वगळण्याची आज्ञा निघाली. धनुष्याहून बंदूक श्रेष्ठ होती म्हणून असे झाले, हे उत्तर अर्धेच आहे. बंदूक चालविणारा थोड्या आठवड्यांत तयार होई. धनुर्धर तयार व्हावयास अर्धे आयुष्य लागे. १७७६ साली बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेच्या सैन्यासाठी धनुष्यबाण सुचविले. त्याची कारणे तर्काला धरून होती. पण ती धनुष्ये ओढणाऱ्या पाठी कोठून आणावयाच्या होत्या?

शस्त्रे कोठारात साठविता येतात; सराव साठविता येत नाही. तो एका पिढीने दुसरीला अंगाने द्यावा लागतो, आणि मध्ये एक पिढी जरी चुकली तरी उरते ती नुसती काठी. आपल्याकडची कोणतीही जुनी विद्या, मग ती मल्लाची असो, गवयाची असो वा सुताराची, तिची चिंता करताना तिच्या वस्तूंबरोबर हा सराव करणारी माणसेही आपण मोजावीत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.